गाझाहून आलेले हवालदार

शिवराम हवालदारांना मी पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होतो. जुन्या माणसाबद्दल लिहायचं तर गोडच लिहावं, असा रिवाज आहे. तो मी पाळणार नाही. हवालदारांनाही तो रुचला नसता. गोड बोलणाऱ्याला ते 'सप्लाय डिपोतला', म्हणजे लढाईपासून लांब कोठारात बसणारा, म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी ती शिवी होती.

आमची शाळा चिंचटेक आणि कळसवाडी या दोन गावांच्या मधल्या माळावर होती. सातारा जिल्ह्याची हद्द संपून सांगली जिल्हा लागतो, त्याच्या आसपास. दोन गावांमध्ये एक ओढा, ओढ्यावर एक बंधारा, आणि त्या बंधाऱ्याच्या पाण्यावरून तीन पिढ्यांचं वैर. मी चिंचटेकचा. शाळेत मराठी शिकवायचो. बहात्तरच्या दुष्काळात बंधाऱ्याखाली एवढंएवढं पाणी उरलं होतं. त्यावरून माझा थोरला भाऊ आप्पा आणि कळसवाडीचा यशवंता यांची बाचाबाची झाली आणि भर दुपारी यशवंतानं आप्पाच्या मानेत कुऱ्हाड घातली. सांगलीच्या कोर्टात यशवंताला जन्मठेप झाली. आमच्या घरात वहिनी आणि तिची मुलगी सुमन, एवढं मागं राहिलं. यशवंताच्या घरातही बायको आणि मुलगीच उरली. मुलीचं नाव शालन. दोघी आमच्याच शाळेत, आठवीच्या एकाच वर्गात.

त्या वर्गात भिंतीकडची रांग चिंचटेकची, खिडकीकडची कळसवाडीची. पाण्याचे माठ दोन. मधल्या सुट्टीत दगड ठरलेले. आम्ही शिक्षक ते थांबवत नव्हतो. खरं सांगायचं तर कुणाचा दगड बरोबर लागला, याची मला उत्सुकता असायची.

अशा शाळेत आप्पा गेल्यानंतर दोन वर्षांनी हवालदार फौजेतली नोकरी संपवून खेळाचे मास्तर म्हणून आले. तात्पुरती नेमणूक. मूळ गाव खंडाळ्याकडचं. बुटके, काळेभोर, गुडघ्यातून किंचित फाकलेले पाय. खाकी अर्ध्या चड्डीची इस्त्री इतकी कडक की तिच्या कडेनं कागद कापावा. शाळेमागच्या खोलीत एकटेच राहायचे आणि पुदिन्याची पानं टाकून बिनदुधाचा काळा चहा प्यायचे. पोरांना पळवताना "यल्ला, यल्ला!" असं ओरडायचे. 'चला'ला अरबीत असं म्हणतात, हे आम्हाला पुढं कळलं. पोरगा असो की पोरगी, सगळ्यांना 'जवान' म्हणायचे. नावानं कुणालाच हाक नाही. आडनावावरून गाव कळतं, म्हणून प्रत्येकाला नंबर दिलेला.

आमच्यासारख्यांना मात्र त्यांच्याकडं नंबर नव्हता. आम्ही सरसकट 'खडूवाले'.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "एवढ्या शाळा सोडून आमचीच कशी गावली तुम्हाला?"

"भांडणाची हाय म्हणून आलो," ते म्हणाले.

"तमाशा बघायला?"

"तमाशा लय बघितलाय गुरुजी. आता गणपतीपुढं नारळ फोडाय आलोय असं समजा." आणि चहाचा पेला विसळायला निघून गेले. तो माणूस उत्तर देऊन कधी थांबत नसे. समोरच्यानं पुढं काय म्हणावं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसायचं. याचा मला फार राग यायचा.

एका शनिवारी त्यांनी पोरांचा हुतुतू लावला. एक-दोन, एक-दोन असं मोजून संघ पाडले, त्यामुळे दोन्ही गावं दोन्हीकडं मिसळली. दहा मिनिटांत कुणीतरी कुणाचा गळा नको तितका वेळ दाबून धरला, आणि मग हुतुतू राहिला बाजूला, दगड सुरू झाले. हवालदार मधोमध उभे राहिले आणि एक धोंडा त्यांच्या कपाळावर बसला. रक्त गळत असताना त्यांनी छडीनं झोडून पोरं वर्गात घातली, हजेरी घेतली, आणि मग तीन मैल चालत जाऊन टाके घालून आले.

सोमवारी ते पट्टी बांधून शिक्षकांच्या खोलीत शिरले. मी अगदी मनापासून आनंदानं विचारलं, "काय हवालदार, झाली का शांतता?"

"पोरं उपेगाची न्हाईत गुरुजी. त्यास्नी त्यांच्या बापांनी आदीच वाटून घेतलंय. आता पोरी घिऊन बघतो. पोरींकडं कुणाचं ध्यान नसतंय."

हे बोलणं मला त्या वेळी अडाणीपणाचं वाटलं. पण ते खरं होतं. आठवीच्या आणि नववीच्या मुलींचा खो-खोचा संघ त्यांनी उभा केला आणि पंधरा दिवस दोन्ही गावांतल्या एकाही पुरुषाला त्याचा पत्ता नव्हता. मलासुद्धा नव्हता, आणि माझी पुतणी त्यात होती.

याच सुमाराला त्यांनी शिक्षकांच्या खोलीत गाझाची गोष्ट सांगितली. जगातल्या देशांनी मिळून निळ्या टोप्यांची एक फौज तिकडं ठेवली होती, भांडणाऱ्या दोघांच्या मधे उभं राहायला. त्यात हवालदारांची पलटण. सीमेवर एक चर खणलेला. अलीकडं छावणीत राहणारी अरबांची पोरं, घरंदारं सोडून आलेल्यांची. पलीकडं यहुद्यांची शेतं आणि त्यांची पोरं.

"अलीकडची पोरं चिंध्यांचा चेंडू खेळायची," हवालदार सांगत होते. "येक दिस चेंडू चराच्या पल्याड गेला. तिकडच्या पोरांनी उचलला, बघितला आणि ठिवून घेतला. मी ड्युटीवर. मी हात जोडून खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी चेंडू अलीकडं येऊन पडला. मग काय, ह्यांनी तिकडं हाणायचा, त्यांनी इकडं. बोलायचं काय न्हाई, भाषा न्हाई. चर मधी. पण डाव सुरू."

"मग?"

"आठ दिस चालला. मग दोनी बाजूंनी तक्रार गेली. मला दंडाची ड्युटी लागली, चेंडू जप्त."

"आणि त्यातून निष्पन्न काय झालं?" मी विचारलं. निष्पन्न हा शब्द मी मुद्दाम वापरला.

"काय न्हाई. फुडं लढाई झाली. आमची फौज निघायच्या तयारीत हुती, तवाच तोंड लागलं. आमच्यातले बी गेले. माझा जोडीदार गेला, शेजारच्या खड्ड्यात हुता."

"कुणाच्या तोफेनं?"

"इचारलं न्हाई," हवालदार म्हणाले. "इचारलं असतं तर आजपत्तुर येका बाजूचा झालो असतो."

मी उठून बाहेर आलो. मला वाटलं, हे वाक्य माझ्यासाठीच तयार करून आणलं आहे. ज्याच्या भावाला मारणाऱ्याचं नाव, गाव, घर सगळं ठाऊक आहे, त्याला हा माणूस विचारू नका म्हणून शिकवतो आहे. त्या दिवशी नापसंतीचा द्वेष झाला.

सुमन संघात आहे हे मला कळलं ते तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या हनुवटीला पडलेल्या खोकेमुळं. ती मुलगी म्हणजे शालन. झालं होतं ते असं. खो-खोत आठजणी एका रांगेत बसतात, एक आड एक, उलटसुलट तोंडं करून. पाठलाग करणारीनं मागून येऊन बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं, मग बसलेली उठून पाठलाग करते आणि खो देणारी तिच्या जागी बसते. हात लागला नाही तर तो खो धरत नाहीत. सुमन सगळ्यांना हात लावायची, फक्त शालनला नाही. दुरूनच 'खो' म्हणायची. हवालदार शिट्टी मारायचे. पुन्हा दुरून, पुन्हा शिट्टी. आठवडाभर त्यांनी एका शब्दानं तिला समजावलं नाही की रागावले नाहीत. नुसती शिट्टी. शेवटी एका संध्याकाळी सुमननं शालनच्या पाठीत अशी मूठ घातली की ती तोंडावर आपटली. हनुवटी फुटली. शालन उठली, रक्त पुसलं नाही, पळणारीला खांबाजवळ गाठून बाद केलं, फिरून आली आणि रांगेत बसलेल्या सुमनच्या पाठीत तितक्याच जोरानं मूठ घालून ओरडली, "खो!"

हवालदारांनी दोघींना उभं केलं म्हणे. सगळ्या मुलींना वाटलं, आता छडी बसणार.

"बरोबर," ते म्हणाले. "खो असाच जोरात लागतो. फकस्त मूठ उघडा."

मी घरी येऊन सुमनला विचारलं. ती खाली मान घालून उभी राहिली. वहिनी चुलीशी होती. मी म्हणालो, "उद्यापासून खेळ बंद. ज्यानं बाप मारला त्याच्या पोरीबरोबर खेळतेस?"

वहिनीनं भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "खेळू द्या तिला, भावजी. दोन वरसं झाली, ह्या घरात कुणी पळालं न्हाई."

वहिनीला ठाऊक होतं. पहिल्यापासून. तिनंच परवानगी दिली होती.

माझ्या घरात माझ्या पाठीमागं हे चाललं होतं, याचा संताप मी कुणावर काढणार? तालुक्याला संघ जिंकला, जिल्ह्याच्या सामन्यांसाठी सांगलीला जायचं ठरलं, आणि मग दोन्ही गावांत बोभाटा झाला. चिंचटेकच्या पारावर लोक मला टोमणे मारू लागले. एका रविवारी दुपारी मी शाळेच्या रिकाम्या वर्गात बसून शिक्षण खात्याला निनावी अर्ज लिहिला. परगावचा एकटा पुरुष वयात येणाऱ्या मुलींना अर्ध्या चड्डीत संध्याकाळपर्यंत मैदानावर पळवतो, पालकांमध्ये चिंतेचे वातावरण आहे, शाळेच्या लौकिकास बाधा येत आहे. खोटं असं एकही वाक्य नव्हतं आणि खरंही नव्हतं. मराठीच्या शिक्षकाला ते जमतं.

खात्यानं हेडमास्तरांकडं खुलासा मागितला आणि हेडमास्तरांनी अर्जाची प्रत हवालदारांच्या हातात दिली. ती घेऊन हवालदार सरळ माझ्याकडं आले.

"गुरुजी, वाचून दावा जरा. मला जोडाक्षरं लवकर उमगत न्हाईत."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं काहीच दिसलं नाही. मी प्रत घेतली आणि वाचली. सगळी, शेवटच्या 'आपला हितचिंतक'पर्यंत. ते हात मागं बांधून, पाय फाकवून उभे होते, साहेबाचा हुकूम ऐकावा तसे.

"लय सुद्द लिवलंय," ते म्हणाले. "आता ह्याला जबाब द्यायचाय. त्यो बी तुमीच लिवा."

आणि मी तोही लिहिला. माझ्याच अर्जाला, त्यांच्या वतीनं, उत्तम मराठीत खुलासा. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर खोदल्यासारखं. त्याचा उपयोग झाला नाही. नेमणूक तात्पुरती होती, ती महिनाअखेर संपवली, आणि तोवर मुलींच्या संघापासून दूर राहावं अशी समज दिली. सांगलीला संघ घेऊन कोण जाणार, हा प्रश्न हेडमास्तरांनी एका वाक्यात सोडवला. शिवणाच्या बाई आणि मी.

सांगलीच्या मैदानावर दोन्ही गावांचे गडी ट्रक भरून आले होते. एका बाजूच्या दोरीला चिंचटेक, समोरच्या दोरीला कळसवाडी. दोघांचा संघ एकच, पण चिंचटेकवाले फक्त चिंचटेकच्या पोरीसाठी टाळ्या वाजवायचे आणि कळसवाडीची चुकली की शिव्या द्यायचे. समोरून त्याचीच परतफेड. पंच हैराण झाले. विरुद्ध संघ इस्लामपूरकडचा होता, त्यांना काही कळेना की ही माणसं कुणाच्या बाजूची. रांगेत बसलेल्या मुलींची मात्र पंचाईत होती. एकीचं तोंड आपल्या गावाकडं, तिच्या शेजारणीचं वैऱ्याकडं, आणि डाव संपेपर्यंत हलायचं नाही.

हवालदार आले होते. दोरीबाहेर, दोन्ही गावांपासून वेगळे, खांबाच्या मागच्या अंगाला एकटे उभे होते.

शेवटचा डाव, आमची पाटी, म्हणजे पाठलाग आमच्याकडं. बरोबरीला एक गडी बाद करायचा राहिला होता आणि जिंकायला दोन. शालननं चपळाईनं एकीला टिपलं. बरोबरी झाली. पुढच्या गड्यामागं खांबावरून वळताना तिचा पाय घसरला आणि हातात आलेली पोरगी सुटली. चिंचटेकच्या बाजूनं माझा चुलतभाऊ ओरडला, "खुन्याची अवलाद! मुद्दाम सोडली!" मग सगळ्यांनीच तो शब्द उचलला. खुन्याची, खुन्याची.

सुमन रांगेत बसलेली होती. तिला खो मिळालेला नव्हता. ती उठली, आपला चौकोन सोडून सरळ दोरीपर्यंत चालत आली, आणि चुलत्यासमोर उभी राहून म्हणाली, "गप बसा, काका. आमचा गडी हाय ती."

मी दहा हातांवर उभा होतो. माझ्या भावाची मुलगी. तिचा आवाज अगदी आप्पासारखा होता. आप्पा चिडला की असाच हळू बोलायचा.

पंचांची शिट्टी वाजली. डाव चालू असताना जागा सोडली म्हणून सुमनला मैदानाबाहेर बसवलं. उरलेल्या मिनिटभरात आमच्या मुलींची ओळ विस्कटलेलीच राहिली, एकही गडी बाद झाला नाही. जादा डावात आम्ही एका गुणानं हरलो.

मी हवालदारांकडं पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आता डोळे पुसत असेल, याला हवं ते मिळालं. त्यांचं तोंड रागानं काळंठिक्कर पडलं होतं. "नंबर चार!" ते दोरीबाहेरून गरजले. "जागा सोडली! कुणाच्या हुकमानं?" हवालदारांना मैदानापासून दूर न्यायला एक पोलीस पुढं आला. ते निमूट त्याच्याबरोबर गेले.

परतीच्या गाडीत मी सुमनच्या मुस्काटात मारली. ती रडली नाही. तिच्या पुढच्या बाकावर शालन बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण खिडकीचा गज धरलेला तिचा हात कितीतरी वेळ सैल झाला नाही.

महिनाअखेर हवालदार निघाले. हेडमास्तरांनी चहा ठेवला होता, मी गेलो नाही. वर्गात व्याकरण चाललं होतं. ते वळकटी खांद्यावर टाकून दारात आले.

"गुरुजी, येक सांगायचं ऱ्हायलं. तुमचं वाचन लय सफाईचं हाय."

मी फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो.

"त्यो अर्ज वाचून दावला बगा मला. येवढी अवघड जोडाक्षरं. येकदाबी अडला न्हाईत."

मी वळलो तेव्हा ते ओसरीच्या पायऱ्या उतरत होते. उत्तरासाठी थांबायची त्यांची रीत नव्हतीच.

दोन गावं त्यानंतर गळ्यात गळे घालून राहिली असं कुणाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात बंधाऱ्यावर पुन्हा डोकी फुटली. शिवणाच्या बाईंनी संघ दोन वर्षं चालवला, मग त्यांची बदली झाली आणि तो मोडला. सुमन आणि शालन एकमेकींच्या घरी कधी गेल्या नाहीत. बाजारात समोरासमोर आल्या तरी थांबायच्या नाहीत. सुमनचं लग्न कुपवाडच्या एका कारखान्यातल्या मुलाशी ठरलं, तेव्हा हळदीच्या दिवशी कळसवाडीच्या कासारणीबरोबर एक हिरवं लुगडं आलं. कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. ते परत पाठवा, म्हणून मी हटून बसलो. वहिनीनं ते माझ्यासमोर उचलून रुखवतात ठेवलं.

"आलेलं लुगडं परत करत न्हाईत," ती म्हणाली.

हवालदारांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. शाळेची सहल पाचगणीला गेली होती. सकाळची वेळ, धुकं विरळ होत होतं. मुलं गाडीपाशी न्याहारी करत होती आणि मी एकटाच फिरत एका निवासी शाळेच्या मैदानापर्यंत गेलो. मैदानात एक माणूस वाकून दोरीच्या कडेनं फक्की टाकत होता. अंगात कुणीतरी दिलेला जुना स्वेटर, डोक्याला माकडटोपी. फाकलेल्या पायांवरून ओळखले. गुडघ्यांनी दगा दिला असावा; दर दोन हातांवर थांबून ते कमरेवर हात ठेवत, आणि पुन्हा वाकत.

जवळ जाऊन काय बोलायचं, ते मी चालता चालता मनात जुळवत होतो. चांगली वाक्यं होती. त्यांच्यापासून पाचसहा पावलांवर पोचलो तेव्हा त्यांनी मान वर केली. त्यांनी मला ओळखलं, यात मला शंका नाही. डोळे माझ्या तोंडावर क्षणभर थांबले आणि मग खाली, माझ्या पायांकडं गेले.

"रेषेवरनं पाय काढा, गुरुजी," ते म्हणाले. "आत्ताच आखलीया."

मी खाली पाहिलं. माझ्या चपलेखाली पांढरी फक्की फिसकटली होती. मी पाय मागं घेतला. हवालदार सरकत सरकत तिथवर आले, बोटांनी भुकटी सारखी केली, डब्यातून चिमूटभर नवी टाकली, आणि माझ्याकडं पाठ करून पुढची रेष आखू लागले.